तीन रुपयांचा हिरवा शिक्का: कोल्हापुरातल्या एका चप्पल दुकानाच्या पार्सलांचा हिशेब

दर पार्सलमागे तीन रुपये. तेवढे भरले की एक कंपनी झाडं लावून पार्सलाच्या वाहतुकीच्या धुराची फेड करणार, आणि वेबसाइटवर हिरव्या पानाचा शिक्का आणि त्याखाली ‘कार्बन न्यूट्रल डिलिव्हरी’ ही अक्षरं. दिवाळीच्या आधी कोल्हापुरातल्या एका चप्पल दुकानाकडे हा प्रस्ताव आला आणि घरात दोन तट पडले. कारखाना सुभाषनगरात, गाळा अंबाबाईच्या देवळाजवळच्या चप्पल लाइनीत, आणि अलीकडे निम्म्याहून जास्त धंदा ऑनलाइन. ऑनलाइनचं सगळं वहिनी बघतात. चामडं, तळ आणि कारागीर त्यांच्या सासऱ्यांकडे, म्हणजे आबांकडे. वहिनींना शिक्का हवा होता. बंगळुरूच्या एका कंपनीने दिवाळीभेट म्हणून जोड मागवायची तयारी दाखवली होती आणि त्यांच्या फॉर्मात ‘डिलिव्हरीच्या उत्सर्जनाचं तुम्ही काय करता?’ असा एक रकाना होता. आबांनी एवढंच विचारलं, “झाड लावणार त्ये. पाणी घालणार कोण?”

मी उद्यमनगरातल्या फौंड्रीवाल्यांचे वीज आणि कोकचे हिशेब तपासते. धुराचा हिशेब हा शेवटी इंधनाचाच हिशेब, म्हणून हे कागद माझ्याकडे आले. दुकानाचं नाव त्यांच्या इच्छेनुसार दिलेलं नाही. आकडे गोल केलेत, म्हणजे कुणालाही मोबाइलवर गुणाकार करून ताळा घेता येईल.

कल्पना तशी जुनी आहे. हाताने बनवलेल्या वस्तू विकणाऱ्या ‘एट्सी’ या अमेरिकी बाजारपेठेने फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केलं होतं, की आमच्या सगळ्या पार्सलांच्या वाहतुकीचं उत्सर्जन आम्ही कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसरीकडे कुणीतरी तेवढा कार्बन डायऑक्साइड वाचवल्याची किंवा शोषल्याची प्रमाणपत्रं, विकत घेऊन फेडू. पार्सलमागे त्याला एक सेंटही पडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. एक सेंट म्हणजे तेव्हाचे सत्तर पैसे. इथे एक साधी शंका यायला हवी होती: जगभर पार्सलं फिरवणाऱ्यांना सत्तर पैशांच्या आत जमतं, तर कोल्हापूर ते पुणे जोड पाठवणाऱ्याकडून तीन रुपये कशाचे? पण दरावर हुज्जत घालण्याआधी फेडायचं किती आहे, हे तर कळायला हवं. प्रस्ताव देणाऱ्या कंपनीने ते विचारलंच नव्हतं. त्यांच्या लेखी पार्सल म्हणजे पार्सल. इचलकरंजीला जावो नाहीतर इटानगरला.

आधी पार्सल कुठून कुठे जातं ते बघू

दुकानातून महिन्याला साधारण ४०० पार्सलं निघतात. निम्मी महाराष्ट्रात, बहुतेक पुणे-मुंबई. शंभरेक कर्नाटक, गोवा, हैदराबादकडे. उरलेली शंभर उत्तरेला, त्यात दिल्ली आणि गुरुग्राम जास्त.

वहिनींनी कुरिअरच्या पोर्टलवरून तीन महिन्यांची यादी काढून दिली. त्यातलं गुरुग्रामचं एक पार्सल मी मुद्दाम शेवटपर्यंत वाचलं. संध्याकाळी सुभाषनगरातून उचललं, उचगावच्या गोदामात गेलं, रात्रीच्या गाडीने पुणे, तिथून विमानाने दिल्ली, मग गुरुग्राम. पहिल्या दिवशी दार बंद. दुसऱ्या दिवशी ‘ग्राहक उपलब्ध नाही’. तिसऱ्या दिवशी मिळालं. आठ दिवसांनी परत निघालं, या वेळी रस्त्याने. तो खोका आबांच्या खोलीत पडलेला होता. कोपरे दबलेले, गोंडा मुडपलेला, आणि डाव्या पायाचा अंगठा, म्हणजे बोट अडकवायची ती वादी, एका बाजूला ताणून पांढरी पडलेली. आबांनी ती बोटाने चाचपली आणि म्हणाले, “नऊ नंबरचा पाय आठात कोंबलाय.” ग्राहकाने परतीचं कारण दिलं होतं ‘क्वालिटी इश्यू’. त्या ग्राहकाला मग नऊ नंबरचा जोड गेला, तोही विमानाने. एक जोड विकायला तीन फेऱ्या.

आता मोजमाप. डिझेलचा एक लिटर जळला की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पेट्रोलचा २.३१ किलो. ही रसायनशास्त्राची बाब आहे, त्यात घासाघीस नाही. मालवाहतुकीत हिशेब टन-किलोमीटरवर चालतो: एक टन माल एक किलोमीटर नेला तर किती. मोठा भरलेला कंटेनर यात बराच कमी दाखवतो, छोटी अर्धी रिकामी गाडी जास्त. परतीची रिकामी फेरी आणि छोट्या गाड्या धरून मी १०० ग्रॅम धरले. विमानाला हाच आकडा अर्ध्या किलोपासून दीड किलोपर्यंत जातो. देशातल्या छोट्या पल्ल्यांना विमान वर चढवण्यातच बरंच इंधन जातं म्हणून मधला एक किलो धरला. म्हणजे तेवढंच वजन तेवढंच अंतर विमानाने नेलं तर रस्त्याच्या दहापट.

वजन कुठलं धरायचं हाही प्रश्नच होता. जोड भरतो आठशे-नऊशे ग्रॅम. पण कुरिअरवाला वजन आणि आकारमान यांत जे जास्त त्याचे पैसे लावतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. दुकानाचा छापील खोका ३२ बाय २२ बाय १२. भागाकार येतो १.७ किलोच्या आसपास, आणि बिल दोन किलोच्या टप्प्याचं. ट्रकमध्ये खोका वजनापेक्षा जागाच जास्त अडवतो, म्हणून धुराच्या हिशेबातही मी १.७ किलोच धरलं. थोडक्यात, त्या खोक्यात निम्मी हवा प्रवास करत होती.

शेवटचा टप्पा म्हणजे दारापर्यंतची बाइक. शहरात लिटरला पन्नास किलोमीटर, दिवसाची सत्तर किलोमीटरची फिरती, पन्नास पार्सलं: एका पार्सलाला ६५ ग्रॅमच्या आसपास पडतात. बंद दारं आणि सुभाषनगरातली उचल धरून १०० ग्रॅम केले.

महिन्याचा हिशेब असा आला. महाराष्ट्रातली २०० पार्सलं, सरासरी ३५० किलोमीटर: १२ किलो. दक्षिणेची १००, सरासरी ६०० किलोमीटर: १० किलो. उत्तरेची रस्त्याने जाणारी ४०, सरासरी १७०० किलोमीटर: साडेअकरा किलो. चारशेही पार्सलांचा दारापर्यंतचा टप्पा: ४० किलो. आणि उत्तरेची विमानाने जाणारी ६०: १२५ किलो. त्यावर परती. महिन्याला सत्तरेक पार्सलं परत येत होती आणि त्यातल्या चाळीसेकांना बदली जोड जात होता. त्या सगळ्याचे ३६ किलो. एकूण साधारण २३५ किलो, म्हणजे वर्षाला २.८ टन.

वहिनींनी कागद बघितला आणि पहिला प्रश्न बरोबर विचारला. “ही साठ पार्सलं विमानानं का जात्यात? मी तर कधी एअर निवडलं न्हाई.”

खरंच निवडलं नव्हतं. पोर्टलवर ‘सर्वात जलद’ हा पर्याय आपोआप टिकमार्क होऊन यायचा. महाराष्ट्रात आणि दक्षिणेत सर्वात जलद म्हणजेही रस्ताच, त्यामुळे कधी लक्षात आलं नाही. उत्तरेला मात्र जिथे विमान मिळेल तिथे पार्सल विमानात जात होतं आणि पार्सलमागे साठ-सत्तर रुपये जादा लागत होते. कोल्हापुरी चप्पल काय दूध आहे का नासायला? ग्राहकाने घाई केलेली नव्हती, दुकानाने केलेली नव्हती, आणि सगळ्या धुरातला निम्म्याहून जास्त धूर त्या साठ पार्सलांचा होता.

तीन रुपये नेमके कशाचे

आता प्रस्तावाकडे परत. तीन रुपये गुणिले वर्षाची ४८०० पार्सलं: १४,४०० रुपये. फेडायचे आहेत २.८ टन. स्वेच्छेने विकल्या-घेतल्या जाणाऱ्या कार्बन क्रेडिटचा जगातला सरासरी भाव २०२३ मध्ये टनाला साडेसहा डॉलरच्या आसपास होता, म्हणजे सव्वापाचशे ते साडेपाचशे रुपये. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. त्या भावाने २.८ टनांचे होतात सुमारे दीड हजार. पार्सलमागे ३२ पैसे.

मग उरलेले १२,९०० रुपये शिक्क्याचे. मला यात फसवणूक दिसली नाही. शिक्का, विजेट, मासिक अहवाल, झाडांचे फोटो यांची किंमत कुणीतरी लावणारच. पण वहिनींना वाटत होतं की पैसे झाडांना जातात, आणि तसं ते नव्हतं.

झाडांचं काय होतं? कंपनीने पाठवलेल्या माहितीत ‘पार्सलमागे झाडाचा वाटा’ होता, रोपवाटिकेतले फोटो होते आणि जिल्ह्याचं नाव होतं. गट नंबर नव्हता. किती वर्षं राखणार ते नव्हतं. मेलेलं रोप कोण बदलणार ते नव्हतं. वाढलेलं झाड वर्षाला वीस-बावीस किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं, हा आकडा सगळीकडे फिरतो; पण रोप पहिली काही वर्षं त्याच्या जवळपासही जात नाही. आजच्या पार्सलाचा धूर आजच हवेत गेला आणि त्याची फेड होणार दहा-पंधरा वर्षांत, तीही रोप जगलं तर. महाराष्ट्राला हे शिकवायला बाहेरचं कुणी नको. २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी झाडं लावायच्या मोहिमा आपण बघितल्या. खड्डे मोजणं सोपं असतं. आबांचा पाण्याचा प्रश्न म्हणूनच मला सगळ्यात तांत्रिक वाटला. क्रेडिटच्या व्यवहारात ज्याला टिकाऊपणा म्हणतात, तो हाच.

अजून एक गोष्ट आपल्या भागापुरती. पन्हाळ्याकडचं मसाई पठार किंवा गगनबावड्याकडचे सडे बाहेरच्या माणसाला उजाड दिसतात. ती उजाड जागा नाही, जांभ्यावरचं गवत आणि पावसाळी फुलांचं घर आहे. तिथे ऑस्ट्रेलियन बाभूळ नाहीतर गिरिपुष्प लावून ‘हरित पठार’ केलं तर कार्बन थोडा साठेल आणि मूळचं बरंच जाईल. ‘सह्याद्रीत वृक्षारोपण’ एवढंच लिहिलेलं असेल तर पुढचा प्रश्न ‘नेमकं कुठे’ हाच हवा.

आता कुणी म्हणेल, झाडं नकोत तर नोंदणीकृत क्रेडिट घ्या. ‘व्हेरा’ आणि ‘गोल्ड स्टँडर्ड’ या क्रेडिट प्रमाणित करणाऱ्या संस्थांच्या नोंदवह्या ऑनलाइन खुल्या आहेत. क्रेडिटला अनुक्रमांक असतो, आपण विकत घेतलं की ते आपल्या नावाने कायमचं बाद केलं जातं आणि दुसऱ्याला विकता येत नाही. कागद म्हणून हे रोपांच्या फोटोपेक्षा कितीतरी पक्कं. पण आतला माल?

पुण्याहून येताना साताऱ्यापाशी चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तसा पवनऊर्जा प्रकल्प क्रेडिट विकतो तेव्हा त्याचा दावा असतो, की हे पैसे मिळाले म्हणून चक्की उभी राहिली, नाहीतर तेवढी वीज कोळशाने बनली असती. हा दावा खरा असेल तरच त्या क्रेडिटला अर्थ. भारतातल्या पवनऊर्जा प्रकल्पांवरच्या २०२१ च्या एका अभ्यासाने मांडलं, की क्योटो या आंतरराष्ट्रीय हवामान कराराखाली त्यांना मिळालेल्या क्रेडिटपैकी किमान ५२ टक्के क्रेडिट अशा प्रकल्पांची होती जे तसेही उभे राहिलेच असते. सुधारित चुलींच्या क्रेडिटबद्दल २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या संशोधकांनी दाखवलं, की खऱ्या बचतीच्या सरासरी नऊपट क्रेडिट दिली गेली. वर्षावनं राखण्याच्या क्रेडिटचं प्रकरण त्याच्या वर्षभर आधी ‘द गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्राने काढलं होतं: तपासलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त क्रेडिटमागे खरी घट नसावी. ‘व्हेरा’ने तो निष्कर्ष मान्य केला नाही. पण बाजारात भाव पडायला तेवढं पुरलं.

म्हणजे ३२ पैशांत फेड होते, या वाक्यातच गोम आहे. ती इतकी स्वस्त आहे, कारण तिच्यातली बरीचशी पोकळ आहे. आणि स्वस्त असल्यामुळेच ती घातक: ३२ पैसे भरून साठ पार्सलं बिनघोर विमानात जात राहतात.

कायद्याचा भाग थोडक्यात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ ला पर्यावरणाच्या खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘कार्बन न्यूट्रल’ असले शब्द वापरायचे तर आधार आणि तपशील ग्राहकाला दाखवावा लागतो. युरोपीय संघात २७ सप्टेंबर २०२६ पासून, केवळ क्रेडिट विकत घेतलीत म्हणून उत्पादनाचा पर्यावरणावरचा परिणाम शून्य आहे, असं म्हणायलाच बंदी. जर्मनीत या दुकानाचे तुरळक का होईना, ग्राहक आहेत. शिक्का दुकानाच्या वेबसाइटवर, म्हणजे जबाबदारीही दुकानाचीच. जाता जाता, केंद्राची २०२३ ची ‘ग्रीन क्रेडिट’ योजना म्हणजे कार्बन क्रेडिट नव्हे. प्रस्तावात दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात सरमिसळ करून आले होते, ही मला सगळ्यात मोठी धोक्याची घंटा वाटली.

मग काय केलं

पोर्टलमधला तो टिकमार्क काढला. याला फार वेळ लागला नाही. ‘रस्त्याने, ६ ते ८ दिवस’ हा नेहमीचा पर्याय ठेवला आणि ‘विमानाने, जादा शुल्क’ हा ग्राहकाने मागितला तर. साठांपैकी दहाएकांनीच मागितला. बाकीच्यांनी साधी चौकशीही केली नाही.

खोका हे थोडं चिवट प्रकरण होतं, कारण आबांचा त्यावर जीव. सोनेरी छपाई, आत टिश्यू पेपर, जोड शेजारी शेजारी मांडलेला. पण कोल्हापुरी मुळातच सपाट. बुटासारखी तिला उंची नाही. तळाला तळ लावून, कान, म्हणजे बाजूच्या चामडी पट्ट्या, आतल्या बाजूला दुमडून जोड कापडी पिशवीत घातला तर ३० बाय १३ बाय ९ च्या साध्या खोक्यात बसतो. भागाकार ०.७ येतो, त्यामुळे खरं वजनच लागू होतं आणि बिल एक किलोच्या टप्प्यात. गोंडेवाल्या जोडांची भीती होती. त्यावर कारागिरांनीच तोड काढली: गोंड्यावर कागदाची सुरळी. सोनेरी खोका आता फक्त गाळ्यावर, लग्नाच्या बस्त्याला आलेल्या गिऱ्हाइकांसाठी.

परतींचं खरं काम आबांनी केलं, आणि इथे मी फक्त बघत होते. चप्पल परत येण्याची मुख्य कारणं दोन: माप चुकतं, आणि नवी चप्पल चावते. मापासाठी वेबसाइटवर भारतीय आणि युरोपी नंबरांचा तक्ता होता. आबांच्या मते तो तक्ता बुटाचा, चपलेचा नव्हे. पूर्वी गावाकडून माणूस यायचा तो घरच्यांच्या पायांची मापं कागदावर काढून आणायचा. पेन्सिल उभी धरून पायाभोवती रेघ, आणि अंगठ्याच्या पेराशी आडवी खूण. तेच त्यांनी परत सुरू केलं. ग्राहकाने कागदावर पाय ठेवून रेघ मारायची, शेजारी पट्टी ठेवायची आणि फोटो व्हॉट्सअॅपवर टाकायचा. रुंद पंजा असला की आबा नंबर न बदलता कान थोडे सैल सोडायला सांगतात. नंबर एक, पाय दोन, असं त्यांचं म्हणणं. डावा-उजवा सारखा असलेला माणूस त्यांनी म्हणे अजून पाहिलेला नाही.

चावण्यावर त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, ती आता खोक्यात जाते: पहिले चार दिवस तासभरच घाला, पट्ट्याला आतून खोबरेल लावा, भिजवू नका, चामडं पायाचं वळण घेईल. ही चिठ्ठी आधीच का नव्हती? कारण गाळ्यावर हे सगळं आबा तोंडाने सांगतात. ऑनलाइन विक्रीत सांगणारा माणूस गळाला होता, आणि त्याची किंमत परतीच्या ट्रकमध्ये दिसत होती.

कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरींना निघण्याआधी एक फोन सुरू केला. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडे ते काम आहे. तिचं निरीक्षण असं, की रात्री बारानंतर मागवलेल्या चपलांबद्दल सकाळी माणसाला काही आठवत नसतं.

पुढच्या काही महिन्यांत परती सत्तरवरून पस्तिसांच्या आसपास आल्या. नव्या खोक्याने, नव्या मार्गाने हिशेब परत मांडला: महाराष्ट्र ७ किलो, दक्षिण ६, उत्तर रस्त्याने १५, विमान १२, दारापर्यंत ४०, परती आणि बदली मिळून १०. एकूण ९० किलो. २३५ वरून ९०. कुरिअरचं बिल महिन्याला बारा-पंधरा हजारांनी उतरलं, त्यामुळे आबांचा माझ्यावरचा विश्वास धुराच्या आकड्यांपेक्षा या आकड्याने जास्त वाढला.

आता सगळ्यात मोठा वाटा दारापर्यंतच्या बाइकचा आहे, आणि तो दुकानाच्या हातात नाही. तिथे मोठ्या कंपन्यांकडेच बघावं लागतं. अॅमेझॉनने जानेवारी २०२० मध्ये भारतात २०२५ पर्यंत दहा हजार इलेक्ट्रिक गाड्या आणायचं जाहीर केलं होतं. फ्लिपकार्टने डिलिव्हरीचा पूर्ण ताफा २०३० पर्यंत इलेक्ट्रिक करायचं. आपली वीज अजून बरीचशी कोळशाची, युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. तरीसुद्धा इलेक्ट्रिक स्कूटर किलोमीटरला वीसेक ग्रॅमवर भागवते, पेट्रोलची बाइक ४६ वर. दुकानाने आपल्यापुरतं एवढं केलं, की सुभाषनगरातल्या आणखी काही कारागिरांची पार्सलं एकाच वेळी एका ठिकाणाहून उचलली जातील असं बघितलं. वाचलेले ग्रॅम थोडे, पण कुरिअरच्या पोराचा गल्लीबोळातला फेरा वाचला.

शिक्क्याऐवजी काय लिहिलं

राहिलेल्या ९० किलोंचं, म्हणजे वर्षाच्या साधारण १.१ टनाचं काय करायचं, यावर आमचं तिघांचं एकमत झालं नाही. माझं म्हणणं: नोंदणीकृत क्रेडिट घ्यायची तर घ्या, पण शंकेला जागा ठेवून तिप्पट घ्या, अनुक्रमांक वेबसाइटवर टाका, आणि ‘न्यूट्रल’ हा शब्द टाळा. तीन-चार क्रेडिटना दोन हजारांच्या आसपास लागतील. वहिनींना भुदरगडकडच्या आपल्या एका कारागिराच्या घरी गोबर गॅस बसवायला हातभार लावायचा होता. गोठ्यात दोन म्हशी, आणि चूल अजून लाकडावर. आबांना हिरड्याची आणि बाभळीची झाडं हवी होती. चामडं कमवायला हिरडा आणि बाभळीची सालच लागते, आणि झाड कामाचं असलं की माणूस त्याला पाणी घालतो, हा त्यांचा तर्क.

शेवटी गोबर गॅस झाला. त्यातून नेमका किती टन धूर वाचतो, हे आम्ही कुठेही लिहिलेलं नाही, कारण त्या घरात लाकूड किती जळत होतं हे कुणी मोजलेलं नव्हतं. चुलींच्या क्रेडिटचा घोळ याच मोजणीत झाला होता. ही फेड नाही, देणगी आहे, आणि वेबसाइटवरही ‘देणगी’ असंच म्हटलं आहे. आबांनी हिरड्याची रोपं स्वखर्चाने लावली, ती कुठल्याच हिशेबात धरलेली नाहीत.

बंगळुरूच्या कंपनीच्या रकान्यात वहिनींनी लिहिलं: ‘आमची पार्सलं शक्यतो रस्त्याने जातात. आमच्या अंदाजाप्रमाणे एका पार्सलाच्या वाहतुकीत सरासरी सव्वादोनशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडला जातो. हिशेबाची पद्धत खाली दिली आहे. चामडं आणि चप्पल बनवण्याचं उत्सर्जन यात धरलेलं नाही.’ शेवटचं वाक्य मी आग्रहाने घालायला लावलं. चामड्याच्या मागे जनावर आहे, आणि एका जोडाच्या चामड्याचा वाटा त्याच्या डिलिव्हरीपेक्षा मोठा असतो. डिलिव्हरीवर हिरवा शिक्का मारला की ग्राहक तो चपलेवरच मारलाय असं समजतो, आणि शिक्का विकणाऱ्यांना ते चांगलं ठाऊक असतं.

ऑर्डर मिळाली. रकान्यामुळे मिळाली की दरामुळे, कंपनीने सांगितलं नाही. दर उतरवता आला होता तो मात्र छोट्या खोक्यामुळे.

एक गाठ अजून सुटायची आहे. न्यू जर्सीतल्या एका मराठी मंडळातून चौकशी आली आहे, आणि वहिनींना अमेरिकेची विक्री वाढवायची आहे. एक किलोचं पार्सल, साडेबारा हजार किलोमीटर. लांब पल्ल्याला टन-किलोमीटरमागे ६०० ग्रॅम धरले तरी एका जोडाला साडेसात किलो. देशातल्या तेहतीस पार्सलांइतका धूर एका पार्सलात. महिन्याला वीस जोड गेले की टिकमार्क काढून, खोका बदलून, पायाची मापं मागवून वाचवलेले सगळे १४५ किलो परत हवेत.

वहिनी म्हणतात, मंडळाचे जोड एका पेटीत घालून जहाजाने पाठवू, पुढे ते आपसात वाटून घेतील. जहाजाचा धूर विमानाच्या मानाने नगण्य. पण दीड-दोन महिने लागणार, आणि सगळ्यांच्या पायांची मापं एकाच वेळी गोळा व्हायला हवीत. मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर आबांचा माप घ्यायचा व्हिडिओ गेला आहे. आतापर्यंत अकरा जणांच्या पायांचे कागद आलेत. त्यातल्या तिघांनी मोजे घालूनच रेघ मारली आहे, त्यांना परत काढायला सांगितलंय.